एका रात्रीपुरती दिलेली गाडी

तावुआ गावाच्या अलीकडे, हमरस्त्याला लागूनच बिसुनकाकांचं गॅरेज आहे. चेपलेल्या गाड्यांचे पत्रे ठोकून सरळ करायचे, हा त्यांचा चाळीस वर्षांचा धंदा. त्या रात्री जेवणं उरकल्यावर पुढच्या ओट्यावर यंगोनाची, म्हणजे मुळं कुटून केलेल्या गुंगी आणणाऱ्या पेयाची, लाकडी परात मांडली होती. काका, त्यांचा पुतण्या शाल्विन आणि शाल्विनचा मित्र जोने, असे तिघेच होते. शाल्विन सकाळी लौटोका शहरात गाडी बघायला जाणार होता. वापरलेली, पण शोरूमने तपासून शिक्का मारलेली. तिचं सर्टिफिकेट तो मोबाईलवर पुन्हा पुन्हा मोठं करून दाखवत होता.

"एकशेवीस गोष्टी तपासल्यात, काका. वर वर्षाची गॅरंटी. अजून काय पाहिजे माणसाला?"

काकांनी करवंटी रिकामी केली, खाली ठेवली, आणि प्यायल्यावरच्या रिवाजाप्रमाणे टाळ्या वाजवल्या.

"इलाइतियाकडेही असाच कागद होता," ते म्हणाले. "नदीपलीकडचा इलाइतिया. ओळखता ना त्याला?"

दोघांनी माना डोलावल्या. काकांनी करवंटी पुन्हा भरली. मग सांगायला लागले.

गेल्या गळीत हंगामातली गोष्ट. ऑगस्टचा तिसरा शुक्रवार. इलाइतिया तेव्हा बावन्न वर्षांचा. उसाचा ट्रक चालवणारा माणूस, हात शांत आणि डोकं त्याहून शांत. वीस वर्षांत त्याने रस्त्यावर कुणाला शिवी घातलेली मी ऐकली नाही. मूलबाळ नाही. बायको मेरेआनी, तिच्या दोन्ही किडन्या गेलेल्या. आठवड्यातून तीनदा लौटोकाला डायलिसिस. जाताना बस चालायची, येताना तिच्याच्याने बसवत नसे. एकदा बा शहराच्या स्टँडवर, भर गर्दीत, ती पिशवीसकट खाली कोसळली. लोकांना वाटलं बाई प्यायली आहे. त्या दिवशी इलाइतियाने ठरवलं, गाडी घ्यायची. जुनी चालेल, पण भरवशाची. वाटेत बंद पडली तर जीव जायचा, म्हणून तो कुणा दलालाकडे गेला नाही. सरळ शोरूमला गेला.

बरोबर मेव्हणा होता, एपेली. मेरेआनीचा धाकटा भाऊ. रग्बीत पुढच्या फळीत खेळलेला, दारातून तिरकं होऊन आत यावं लागेल असा गडी. त्यांच्यात मेव्हणे-मेव्हणे भेटले की एकमेकांची टोपी उडवायची, हा रिवाजच.

गाडी पांढरी होती, लांब पाठीची. एपेलीने तिच्याभोवती एक फेरी मारली.

"दाजी, गाडी अगदी तुमच्यासारखी आहे. बाहेरून चकाचक, आत काय आहे ते देव जाणे."

"तू आत बस," इलाइतिया म्हणाला. "तुझ्या वजनाने काय असेल ते बाहेर येईल."

विकणारा पोरगा रोनील, कडक इस्त्रीचा शर्ट, तोही हसला. त्याने कागद पुढे केला. इंजिन, ब्रेक, गिअर, टायर, सगळ्यापुढे बरोबरच्या खुणा. इलाइतियाने कागद वाचला, पण तो कागदावर जाणारा माणूस नाही. त्याने बॉनेट उघडलं, खाली वाकून बघितलं, दारं उघडून लावून बघितली. मग सीटचे पट्टे एकेक ओढून बघितले. सगळे जुने, मळकट. ड्रायव्हरचा तेवढा कोरा.

"हा एकटाच का बदललाय?"

"तपासणीत जे खराब निघतं ते आम्ही बदलतोच, अंकल. म्हणून तर सर्टिफाइड."

"आधी कुणाची होती?"

"एकाच मालकाची."

"कोण मालक?"

रोनील मोबाईलकडे बघायला लागला. "इंजिन बघा ना, अंकल. मालकाचं काय करायचंय?"

इलाइतियाचा निर्णय होईना. गाडी चांगली होती, किंमत प्रॉव्हिडंट फंडात बसणारी होती. पण ज्या बाईसाठी घ्यायची तिला मागच्या सीटवर आडवं होता येतं का, ते बघितल्याशिवाय सही कशी करणार? तसं तो बोलला. रोनीलला त्या दिवशी काय घाई होती कोण जाणे, त्याने किल्ली सरळ हातावर ठेवली.

"आजच्या रात्रीपुरती घेऊन जा. काकींना बसवून बघा. उद्या दहा वाजता आणा. पटली तर सही, नाही पटली तर नाही."

शोरूम बंद होतानाच दोघे निघाले. बामध्ये थांबून रोटी आणि कोंबडीचा रस्सा खाल्ला. एपेलीने दोन माणसांचं खाल्लं. बाहेर येऊन त्याने मागचं दार उघडलं.

"ताईची जागा मी तपासतो. मी मावलो तर ती मावलीच."

"घोरायचं नाही."

"गाडी तपासायची तर सगळीच तपासली पाहिजे, दाजी. आवाज किती सहन करते तेही."

आणि पाय दुमडून तो मागे आडवा झाला. नऊ वाजून वीस मिनिटं झाली होती. इलाइतियाने घड्याळ बघितलं होतं, म्हणून मला माहीत आहे.

शहर मागे पडलं. चंद्र नव्हता. दोन्ही बाजूंना ऊस, मध्येच जाळलेल्या फडाचा धूर रस्त्यावर आडवा आलेला. गाडी पाण्यासारखी चालत होती. इलाइतियाने मनात हो म्हणून टाकलं. मेरेआनी मागे झोपलेली, उशाला उशी, बसचे धक्के नाहीत, हे त्याला दिसायलाही लागलं.

तेवढ्यात दारांची कुलुपं खाली पडली. चारही. खट.

नव्या गाड्यांत असतं असं, त्याला वाटलं.

छातीवरचा पट्टा जरा आवळल्यासारखा झाला. त्याने बोट घालून सैल केला. थोड्या वेळाने पुन्हा आवळला. पुन्हा सैल केला.

मागे एपेली घोरत होता. मग घोरणं थांबलं.

इलाइतियाने वरच्या आरशात बघितलं. एपेली आडवा झोपलेला, म्हणजे आरशात मागची काच दिसायला हवी, रस्त्याचा काळोख दिसायला हवा.

एक डोकं दिसलं.

"उठलास होय?" इलाइतिया म्हणाला.



ते डोकं खिडकीबाहेर बघत होतं. बारीक मानेचं. विशीतल्या पोराचं. एपेलीची मान तशी नाही. एपेलीला मानच नाही.

आणि त्याच्या स्वतःच्या सीटमागे, अगदी पाठीशी, आणखी कुणीतरी होतं. चेहरा दिसत नव्हता. एक कान. एक खांदा. बस.

"मेव्हण्या..."

इथे मी तुम्हाला इलाइतियाचेच शब्द सांगतो. तो म्हणाला, मला भीती वाटली, पण ती भीती माझी नव्हती. दुसऱ्या कुणाचा तरी शर्ट अंगात घालावा तशी ती माझ्या अंगात आली. आणि त्या भीतीबरोबर एक विचार आला. धाकटीचे शाळेचे बूट घ्यायचे राहिले.

त्याला मूल नाही. धाकटी नाही, थोरली नाही. पण त्या क्षणी त्याला त्या बुटांचं इतकं वाईट वाटलं की डोळे भरून आले.

मग कानाशी आवाज आला. हळू. अगदी सभ्य.

"इथेच थांबव, काका."

पाय आपोआप ब्रेकवर गेला. उसाच्या आगगाडीचे रूळ रस्ता ओलांडतात, तिथली मोरी. पुढे दिवा नाही, मागे दिवा नाही. गाडी थांबली. इंजिन चालू.



...

आणि पट्टा वर चढला. छातीवरून खांद्यावर. खांद्यावरून गळ्याभोवती. मागून कुणीतरी दोन्ही हातांनी ओढला, सीटला गुडघा लावून. डोळ्यांपुढे लाल झालं. इलाइतियाचा उजवा हात सीटखाली गेला. तिथे चाकाचा पान्हा होता. तो डिकीत असायला हवा. कागदावर तसंच लिहिलं होतं. पण तो सीटखाली होता, हाताला बरोबर बसेल असा.

तो वळला. डावा हात मागे घातला. जे हाताला लागलं ते मुठीत आवळलं, पुढे ओढलं, आणि पान्हा हाणला.

हाड वाजलं.

पुन्हा हाणला. पुन्हा. त्याला दोन पोरं दिसत होती. ती तोंडापुढे हात धरत होती आणि तो हातांवर हाणत होता. हात खाली पडले तशी तोंडावर. रक्त छताला उडालं, त्याच्या ओठांवर आलं, खारट. त्याच्या तोंडातून, घरी कधी न बोललेली, हिंदी बाहेर पडत होती, "छोड दो, मेरे बच्चे छोटे हैं," आणि हात थांबत नव्हता. माणूस जीव वाचवायला मारतो ना, तसा तो मारत होता. मोजून नाही. थांबून नाही.

मध्येच एक हाक ऐकू आली.

"दाजी..."

ती पोरं त्याला दाजी म्हणणार नाहीत. हे त्याला कळलं. पुरतं कळलं. तरी हात वर गेला आणि खाली आला.

"दाजी..."

पुन्हा वर गेला. पुन्हा खाली आला.

हे सांगताना इलाइतियाने माझा हात धरला होता. मला ऐकू आलं, बिसुन, असं म्हणाला. मला ऐकू आलं आणि मी मारलं.

एपेली दुसरा कुणी असता तर तिथेच मेला असता. त्याने दोन्ही पायांनी इलाइतियाच्या सीटमागची खिडकी फोडली. काचांवरून सरपटत बाहेर पडला, वळून त्याच फुटलेल्या काचेतून हात घालून पुढच्या दाराचं कुलूप वर ओढलं. पट्ट्याचं बटण दाबलं. मग इलाइतियाचे पाय धरले आणि त्याला खाली खेचलं, खाटकाने बोकड खेचावा तसं.

सीटवरून अंग सुटलं तसा पान्हा हातातून गळला.

इलाइतिया खडीवर पालथा पडला. वर बघितलं. गाडीत कुणी नव्हतं. समोर एकटा एपेली उभा. डावा डोळा जागेवर नव्हता. जबडा एका बाजूला लोंबत होता. डावं मनगट भलतीकडे वळलेलं. शर्ट काळा झालेला.

एपेली खाली बसला. मग हळूच आडवा झाला.

आता ऐका. फोन लागत होता. पण ॲम्ब्युलन्स यायला पाऊण तास, आणि एपेलीचं रक्त धारेने चाललेलं. ट्रक एकही येत नव्हता. हंगामात त्या रस्त्याला ट्रकांची रांग असते. त्या वेळी एक नाही. हॉस्पिटल तावुआला, नऊ किलोमीटर. आणि तिथे न्यायला एकच गाडी.

"मी त्या सीटवर बसणार नाही," इलाइतिया म्हणाला. "मी तुला मारून टाकीन."

एपेलीला बोलता येत नव्हतं. तो उठला. कसा उठला ते त्यालाच माहीत. उजवा हात त्याने इलाइतियाच्या मानेवर ठेवला आणि ढकलत त्याला दारापर्यंत नेलं. मग स्वतः जाऊन पुढच्या, शेजारच्या सीटवर बसला. मागे नाही. मार मागे बसणाऱ्याला पडतो, हे त्याला समजलं होतं.

इलाइतियाने पान्हा उसात भिरकावला. वरचा आरसा हिसकून उपटला, तोही फेकला. डाव्या हाताची मूठ उघडत नव्हती. ती मांडीवर ठेवून तो एका हाताने निघाला. पट्टा लावला नाही.

मागची सीट करकरली. दोन माणसं बसावीत तशी.

तो समोर बघत राहिला.

"इथेच थांबव, काका."

नाही थांबला.

मागून श्वास येत होता. मानेवर. गरम. फुटलेल्या खिडकीतून वारा घोंगावत होता, तरी तो श्वास वेगळा लागत होता.

"थांबव म्हटलं ना..."

पट्टा बाजूने सरपटत आला. कुणी लावला नव्हता. गळ्याला विळखा बसला. इलाइतियाची मान मागे गेली, रस्ता दिसेनासा झाला. तेव्हा एपेलीने आपला धड राहिलेला हात मध्ये घातला. पट्टा आणि गळा यांच्यामध्ये, चार बोटं. दुसऱ्या टोकाला काय ओढत होतं देव जाणे. त्याची दोन बोटं मोडली, कट, कट. त्याने हात काढला नाही. ज्याने डोळा फोडला त्याच्या गळ्याशी हात घालून तो इथपर्यंत बसला. दोघे बोलले नाहीत. मागे बोलणं चालूच होतं.

मी जागा होतो. सकाळी एका लॉरीचा बंपर द्यायचा होता. त्या फाटकावर गाडी धडकली, तो खांब अजून वाकडा आहे, बघा. मी दिवा घेऊन धावलो. पुढे दोघे. पट्टा गळ्यात रुतलेला, आत एपेलीची बोटं, बटण दाबून काही होईना. मी आतून पत्रा कापायची कात्री आणली आणि पट्टा कापला. कापताना तो हातात सळसळला, जिवंत मासा सळसळतो तसा. माझ्या व्हॅनमध्ये घालून दोघांना हॉस्पिटलात नेलं.

पोलीस आले. इलाइतिया म्हणाला, मी मारलं त्याला. पोलिसाने एपेलीला विचारलं. एपेलीने अंगठा आणि एका बोटात पेन धरलं आणि वाकडंतिकडं लिहिलं, ट्रकने ठोकर दिली, पळून गेला. पोलिसाने दोघांकडे बघितलं, वही मिटली.

पहाटे मेरेआनी आली, पहिल्या बसने. नवरा एका खाटेवर, भाऊ दुसऱ्या. मध्ये स्टूल टाकून बसली. एपेलीने पुन्हा कागद मागितला आणि दाजींसाठी लिहिलं, गाडी घेऊ नका. मागे पाय लांब करता येत नाहीत. इलाइतिया तो कागद वाचून जो रडायला लागला, तो नर्सने सुई टोचेपर्यंत थांबला नाही.

गाडी मी परत नेली. चालवत नाही. माझ्या ट्रकला टोचन लावून, ओढत, त्या सीटवर कुणालाही न बसवता. दहाला पाच कमी असताना शोरूमच्या दारात उभा होतो. रोनील बाहेर आला. छताला रक्त, खिडकी फुटलेली, आरसा नाही, यातलं काहीही त्याने बघितलं नाही. त्याची नजर सरळ ड्रायव्हरच्या कापलेल्या पट्ट्यावर गेली.

"परत?" तो म्हणाला.

"परत म्हणजे?"

तो आत जायला वळला. मी कॉलर धरली. या वयात मी कुणाची कॉलर धरत नाही, पण त्या दिवशी धरली. तेव्हा बोलला. सिंगातोकाकडचा एक टॅक्सीवाला. रात्रीची शेवटची फेरी. मागे दोन पोरं. दिवसाच्या गल्ल्यासाठी त्याच्याच पट्ट्याने त्याचा गळा आवळला. पोरं सापडली नाहीत. बायकोने गाडी विकून टाकली. त्यानंतर एकाने नेली होती ती, चार दिवसांत परत आणली. काय झालं ते सांगायला तयार नव्हता, हाताला प्लॅस्टर होतं.

"आणि तू सर्टिफिकेट दिलंस?"

"कागदावर एकशेवीस रकाने आहेत, काका," तो म्हणाला. "त्यात हा रकाना नाही."

मी किल्ली त्याच्या पायाशी टाकली. इलाइतियाने गाडी घेतली नाही. आजतागायत घेतलेली नाही. मेरेआनीला मंगळवारी मी नेतो, बाकीचे दोन दिवस देवळातले लोक वाटून घेतात. एपेलीचा जबडा सात आठवडे तारेने बांधलेला होता. डोळा गेला तो गेला. दोघे अजून एकमेकांची टोपी उडवतात. पण एका गाडीत बसत नाहीत.

त्या शनिवारी मी लौटोकाहून परत हॉस्पिटलात आलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. इलाइतियाची डावी मूठ रात्रभर मिटलेलीच होती. डॉक्टरने प्रयत्न केला, दोन नर्सनी केला, बोटं लाकडासारखी. सुईने त्याला झोप लागली आणि मी खाटेशी उभा असताना ती मूठ आपसूक सुटली.

आत केस होते.

मूठभर. लांब, सरळ, लालसर रंगवलेले. मुळाशी कातडीचा तुकडा.

इलाइतियाचे केस कुरळे, पांढरे. एपेली तर दर रविवारी डोक्यावर वस्तरा फिरवतो, तुम्ही बघितलंय त्याचं डोकं. नर्सने चिमट्याने ते उचलून ट्रेमध्ये ठेवले. ट्रेकडे बघितलं, दोन्ही खाटांकडे बघितलं. मग मला विचारलं, "तिसऱ्याला कुठे ठेवलंत?"



सोळा तास झाले होते, पोरांनो. आणि त्या कातडीतून रक्त अजून ठिबकत होतं.